गाणं वाजतंय पण गाणाऱ्याचा आवाज नाही: हेल्मेट इंटरकॉमची एक पूर्ण केस

आधी तक्रार काय होती ते नीट सांगतो, कारण सगळं उत्तर तक्रारीतच होतं आणि ते कोणी ऐकून घेतलं नव्हतं. भावोजींच्या हेल्मेटला इंटरकॉम आहे, म्हणजे आत स्पीकर आणि माईक, आणि ते फोनला व मागे बसलेल्याच्या हेल्मेटला ब्लूटूथने जोडणारं बाहेरचं छोटं युनिट. त्यात गाणी वाजायची, पण मॅप्सची बाई बोललेली ऐकू यायची नाही, मागे बसलेली ताई इंटरकॉमवर बोलली तर काही नाही, फोन आला तर समोरच्याला भावोजींचं सगळं स्वच्छ ऐकू जायचं आणि भावोजी मात्र नुसते हॅलो हॅलो करत राहायचे. आणि हे सुद्धा रोज नाही. कधी आठ दिवस सगळं ठीक, मग एखाद्या दिवशी गोव्यातल्या फोंड्यातून निघाले की बोरीच्या पुलापर्यंत चालू, पुढे लोटलीला पोचेस्तोवर बंद, वेर्ण्याला कंपनीच्या गेटवर हेल्मेट काढून कानाला लावलं की परत चालू.

सेट दोन युनिटांचा, एक भावोजींचं एक ताईचं, दोन्ही एकाच मॉडेलची, घेऊन दीड वर्ष झालेलं म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि दुसरा अर्धा. हेल्मेट दोघांची फुल फेस. युनिट डाव्या बाजूला क्लॅम्पने लावलेलं, आत ४० मिलिमीटरचे दोन चपटे स्पीकर, स्पीकरची वायर ३.५ मिलिमीटरच्या साध्या स्टिरिओ पिनने युनिटला जोडलेली आणि माईकची पिन वेगळी. हे पिन वेगळ्या असण्याचं पुढे खूप महत्त्व आहे म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

मी साखळीला असतो, साउंडची दुरुस्ती करतो, जास्त करून भजनी मंडळांचे माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर, देवळातले स्पीकर, अधेमधे मोबाईल. हेल्मेटचं युनिट माझ्याकडे आलं ते सगळ्यात शेवटी. त्याच्याआधी भावोजी एका दुकानात जाऊन आलेले, तिथे सांगितलं की ताईचा माईक गेला. म्हणजे विचार काय केला असेल ते समजतं, ताईला भावोजींचं ऐकू येतं पण भावोजींना ताईचं नाही, तर मग ताईचा माईक खराब. बाराशे रुपये देऊन नवीन माईक मागवला, लावला, दोन दिवस चाललं आणि परत तेच. मग कोणीतरी सांगितलं फर्मवेअर अपडेट करा, केलं. फॅक्टरी रीसेट केलं. फोनमधून युनिट अनपेअर करून परत पेअर केलं. मॅप्स काढून परत टाकलं. प्रत्येक वेळी घरी टेबलावर सगळं चालायचं, म्हणून प्रत्येक वेळी वाटायचं की झालं.

ताई वैतागली होती ती वेगळ्याच कारणाने. ती मला फोनवर म्हणाली, "अरे मी मागून ओरडतेय समोर खड्डा आहे, आणि ह्यांना वाटतं मी गप्प बसलेय." मला ती गोष्ट लागली. लोक इंटरकॉम म्हणजे गाण्यांची मजा समजतात, पण मागे बसलेल्यालाही रस्ता दिसत असतो आणि त्याने सांगितलेलं पुढच्याला ऐकू आलं पाहिजे यासाठीच तर ते घेतलेलं असतं. ऐकू येत नसेल तर नसलेलं बरं, कारण नसलं तर माणूस निदान खांद्यावर थाप तरी मारतो. इथे ताई बोलून मोकळी व्हायची आणि तिला वाटायचं पोचलं.

एका रविवारी दोघं साखळीला आले. पातळ भाजी-पाव झाला आणि मी दोन्ही हेल्मेट टेबलावर घेतली. अपेक्षेप्रमाणे सगळं चालू. ताई आतल्या खोलीतून बोलली, भावोजींचं हेल्मेट मी कानाशी धरलं, स्वच्छ आवाज. गाणं स्वच्छ. मग म्हटलं भावोजींच्या फोनवर फोन करून बघू, तर केला आणि हेल्मेटमधे काहीच नाही. मला वाटलं सापडलं. नीट बघितलं तर आवाज भावोजींच्या मनगटातून येत होता! हल्ली कॉलिंगवालं घड्याळ प्रत्येकाच्या हातात असतं, ते स्वतः ब्लूटूथचा हेडसेट म्हणूनच फोनला जोडलेलं असतं, आणि कॉल आला की फोन तो कॉल हेल्मेटला देईल की घड्याळाला हे त्याच्या मनावर.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण हे बऱ्याच लोकांना होतं. फोन आणि हेल्मेट यांच्यात ब्लूटूथचे दोन वेगळे रस्ते असतात. गाणी, मॅप्स, व्हिडिओ हे ए-टू-डीपी नावाच्या रस्त्याने जातं, स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं, आणि बऱ्या क्वालिटीचं. कॉल जातो एचएफपी नावाच्या दुसऱ्या रस्त्याने, तो मोनो असतो, म्हणजे दोन्ही कानांना एकच, आणि जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे फक्त ८ हजार नमुने, नवीन वाइडबँड असेल तर १६ हजार, म्हणून कॉलवर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, तो बिघाड नाही. आणि हे दोन रस्ते फोनमधे वेगवेगळे चालू-बंद करता येतात. ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावापुढच्या चाकाच्या चिन्हावर गेलात की तिथे फोन कॉल असा पर्याय असतो तो बंद करायचा, मग घड्याळात नोटिफिकेशन येत राहतं पण कॉलचा आवाज हेल्मेटलाच जातो. तसंच हेल्मेटच्या नावाखाली फोन कॉल आणि मीडिया ऑडिओ दोन्ही चालू आहेत ना हे बघायचं, कित्येक वेळा एकच चालू असतो आणि माणूस म्हणतो गाणी येतात पण कॉल येत नाही. गाणं ऐकता ऐकता अचानक आवाज पिचका आणि टेलिफोनसारखा झाला तर समजायचं की फोनमधल्या कुठल्यातरी अ‍ॅपने माईक उघडला आणि हेल्मेट कॉलच्या रस्त्यावर गेलं.

तर घड्याळाचं मिटवलं. भावोजी खूष. मी म्हटलं एक चक्कर मारून येऊ, साखळीहून पर्ये, पर्येहून केरी, सकाळी रस्ता मोकळा असतो. ते दोघं पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. पर्येला भूमिका देवीच्या देवळापाशी थांबलो तर भावोजींनी हातानेच खूण केली, काही नाही.

म्हणजे घड्याळाचा दोष खरा होता पण तो आपला दोष नव्हता. या केसमधे हेच पुन्हा पुन्हा झालं, दर वेळी काहीतरी खरं सापडायचं, ते दुरुस्त व्हायचं, आणि मूळ तक्रार होती तिथेच. दुकानवाल्यालाही मी फार दोष देत नाही, तोही त्याच्या परीने कुठेतरी पोचला होता.

केरीला अंजुणे धरणाच्या बाजूला गाड्या लावल्या. मी भावोजींना म्हटलं हेल्मेट काढू नका, डोक्यावर तसंच राहू दे, आता मी विचारतो तेवढंच सांगा. गाणं लावा. लावलं, म्हणाले वाजतंय. कसं वाजतंय? म्हणाले, "वाजतंय रे, पण लांबून वाजल्यासारखं, आणि गाणाऱ्याचा आवाज जरा मागे वाटतो." मागे म्हणजे? "म्हणजे म्युझिक येतंय, शब्द कळत नाहीत." मग ते सहज बोलून गेले, आणि त्या एका वाक्याने सगळी केस उलगडली. म्हणाले, "मी सकाळी जाताना मास्टर दीनानाथ लावतो ना, तर ते तर अजिबातच येत नाहीत. नुसती खरखर येते. मला वाटलं जुनी रेकॉर्डिंग आहेत म्हणून असेल."

फोंडा तालुक्यातला माणूस, दीनानाथ मंगेशकरांचं मंगेशी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दीनानाथ ऐकणं हे घरातलंच. पण बघा यात काय दडलंय. मास्टर दीनानाथ १९४२ ला गेले. त्यांची सगळी ध्वनिमुद्रणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांच्या जमान्यातली, म्हणजे मोनो, डाव्या आणि उजव्या कानाला अगदी एकच आवाज. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. मॅप्सचा आवाज मोनो. इंटरकॉम मोनो. कॉल मोनो. नवीन गाण्यात वाद्यं डावी-उजवीकडे पसरलेली असतात पण गाणारा मधोमध असतो, म्हणजे गाणाऱ्याचा आवाजही दोन्ही कानांना सारखाच. म्हणजे जे जे दोन्ही कानांना सारखं ते ते गायब, आणि जे डावीकडे वेगळं उजवीकडे वेगळं तेवढंच शिल्लक. तबकडीची खरखर का ऐकू येत होती तेही यातच आलं, जुनी तबकडी नवीन स्टिरिओ पिकअपवर वाजवून कॉम्प्युटरवर घेतली की गाणं दोन्ही बाजूला एकच येतं पण खाचेच्या दोन भिंतींवरची धूळ आणि ओरखडे वेगवेगळे, त्यामुळे गाणं वजा होतं आणि खरखर उरते.

भजनी मंडळांच्या वायरी वर्षानुवर्षं जोडत आल्यामुळे हे लक्षण मला माहीत होतं. स्टिरिओ पिनवर तीन भाग असतात, टोकाला टिप म्हणजे डावा, मधली रिंग म्हणजे उजवा, आणि मागचा लांब भाग म्हणजे स्लीव्ह, ती दोघांची सामायिक अर्थ (इंग्रजीतली earth), म्हणजे करंट परत जायची वायर. डाव्या स्पीकरचा करंट टिपमधून येतो आणि स्लीव्हने परत जातो, उजव्याचा रिंगमधून येतो आणि स्लीव्हनेच परत जातो. आता ती अर्थची वायरच तुटली तर काय होईल? वाटतं की दोन्ही स्पीकर मुके होतील. होत नाहीत. करंटला परत जायला दुसरा रस्ता असतो, डाव्या स्पीकरमधून निघून उजव्या स्पीकरमधून मागे. दोन्ही स्पीकर एका माळेत येतात आणि त्यांना मिळतो फक्त डाव्या-उजव्यातला फरक. दोन्हीकडे सारखं असेल तर फरक शून्य, म्हणून मोनो आवाज पूर्ण गप्प. माईकची पिन वेगळी, तिला काही झालं नव्हतं, म्हणून फोनवर समोरच्याला भावोजींचं स्वच्छ ऐकू जायचं. बिघाड असा बेमालूम असतो की माणूस फोन बदलेल, मॅप्स बदलेल, बायकोचा माईक बदलेल, पण वायरवर संशय घेणार नाही कारण "गाणी तर वाजतायत की".

तिथल्या तिथे खात्री करायला एक सोपा उपाय आहे आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमधे आवाजाचा बॅलन्स असतो, डावा-उजवा सरकपट्टी. ती मी पूर्ण डावीकडे सरकवली. चांगल्या हेडसेटमधे काय व्हायला पाहिजे, उजवा कान बंद आणि डावा चालू. भावोजींच्या हेल्मेटमधे काय झालं, दोन्ही कानांत आवाज आला, हळू होता पण आला, आणि गाणारा परत आला! भावोजींचे डोळेच मोठे झाले. कारण उजवीकडून काही पाठवलंच नाही तर फरक उरतो तो पूर्ण डाव्याचा, आणि तो दोन्ही स्पीकरमधे वाटला जातो. रस्त्यात असा प्रकार झाला तर घरी पोचेपर्यंत मॅप्स ऐकायला एवढं पुरतं. मात्र ताईचा आवाज याने आला नाही, कारण इंटरकॉम फोनमधून जातच नाही, युनिट टू युनिट जातो, त्याला फोनचा बॅलन्स काय करणार.

यावरून अजून एक गोष्ट सांगावीशी वाटते. युनिट चालू करताना ते स्वतः बीप करतं, बॅटरी किती आहे ते बोलून दाखवतं. हा आवाज युनिटच्या पोटातला, त्यात फोन नाही, ब्लूटूथ नाही, मॅप्स नाही. भावोजींना मी विचारलं चालू करताना बीप येतो का, तर म्हणाले गेले दोन महिने कधी येतो कधी नाही, लक्षच दिलं नाही. हा प्रश्न पहिल्या दिवशी पहिल्यांदा विचारायचा. डोक्यावर हेल्मेट असताना युनिटचा स्वतःचा बीप ऐकू येत नसेल तर फोनला हात लावायची काही गरज नाही, दोष युनिट ते कान या वीतभर अंतरात आहे. आणि डोक्यावर असताना हे तर अगदी महत्त्वाचं, कारण टेबलावर वायर सैल असते, डोकं आत गेलं की गालाची गादी वायरला दाबते, पिन किंचित कलते आणि तुटका तार सुटतो. म्हणून घरी सगळं चालायचं आणि रस्त्यावर नाही. आतापर्यंत जो कोणी तपासत होता तो हेल्मेट हातात धरूनच तपासत होता.

घरी येऊन मल्टिमीटर लावला. आधी वायर सरळ ठेवून, टिप आणि स्लीव्हच्या मधे ३१ ओहम, रिंग आणि स्लीव्हच्या मधे ३१, दोन्ही स्पीकर ठणठणीत. मग पिनच्या मानेपाशी वायर वाकवली तशी टिप-स्लीव्ह ओपन म्हणजे जोडणीच नाही, रिंग-स्लीव्ह ओपन, आणि टिप ते रिंग मात्र ६२, म्हणजे दोन्ही स्पीकर माळेत. कागदावर लिहून भावोजींना दाखवलं. ते इंजिनिअर माणूस, एका नजरेत कळलं त्यांना.

पिनची मान कापली तर आत अर्थचे तार हिरवे पडलेले. हे आपल्याकडचं. समुद्राची हवा, जून ते सप्टेंबर ओलावा, घामाचं मीठ, आणि हेल्मेट पावसातून आल्यावर ओलं तसंच व्हरांड्यात टांगलेलं. तांबं हिरवं होतं, बारीक तार ठिसूळ होतात आणि रोजच्या वाकण्याने एक एक करून तुटतात. शेवटचे दोन-तीन धागे राहतात ते कधी टेकतात कधी नाही, म्हणून दोष येतो-जातो. आणि अर्थच का तुटली, डावा-उजवा का नाही, याला काही खास नियम नाही, यांच्या नशिबी अर्थ आली आणि त्यामुळेच केस एवढी गुंतागुंतीची झाली. डाव्याची वायर तुटली असती तर डावा कान बंद झाला असता आणि कोणीही पहिल्या दिवशी ओळखलं असतं.

दुरुस्ती म्हटली तर लहान. हिरवं संपून लालसर तांबं दिसेपर्यंत वायर कापली, जवळजवळ तीन सेंटीमीटर गेली. या वायरीतले तार केसासारखे बारीक आणि त्यांच्यावर लाल, हिरवा, सोनेरी असा लॅकरचा थर असतो, तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, इथे बरेच जण फसतात, वरून डाग बसल्यासारखा दिसतो आणि आत संपर्क नसतो. गरम टोकावर थोडं सोल्डर घेऊन त्यात तार दोन-तीन सेकंद बुडवून ठेवायचा, थर जळून चकाकी आली की मग पिनला लावायचा. पिन मी सरळ न लावता काटकोनातली लावली, म्हणजे वायर युनिटच्या कडेने खाली जाते आणि गादी तिला दाबत नाही. वरून श्रिंक ट्यूब. पिन चाळीस रुपयांची. बाराशेचा माईक मधल्या मधे आलेला.

मग भावोजींनी हेल्मेट घातलं, ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून काहीतरी बोलली, आणि भावोजी इकडे हसायला लागले. काय बोलली ते दोघांनीही सांगितलं नाही.

पण काम इथे संपलं नाही. डिचोलीच्या रस्त्यावर एक चक्कर मारली तर साठच्या खाली सगळं ऐकू येतं आणि साठच्या वर परत अस्पष्ट. हा वेगळा दोष, वाऱ्याचा, आणि स्पीकर चुकीच्या जागी असण्याचा. यासाठी पण एक हातचा प्रयोग आहे. गाडी उभी करून, हेल्मेट घातलेलंच ठेवून, दोन्ही तळहातांनी हेल्मेट बाहेरून कानांच्या दिशेने दाबायचं, किंवा जरा वर-खाली सरकवायचं. आवाज एकदम वाढला तर युनिटचा व्हॉल्यूम कमी नाहीये, स्पीकर कानापासून लांब आहे. एवढ्याशा स्पीकरचा खर्जाचा आवाज अर्धा-एक सेंटीमीटर लांब गेला तरी विरून जातो. भावोजींचे स्पीकर बसवणाऱ्याने कानाच्या खळग्यात मधोमध लावले होते, दिसायला बरोबर, पण कान काही खळग्याच्या मधोमध नसतो, बऱ्याच जणांचा जरा मागे आणि वर असतो. मी भावोजींना कानाच्या भोकापाशी बोट ठेवायला सांगून, अंदाज घेऊन, वेल्क्रो सोडवून स्पीकर बोटभर मागे सरकवले आणि पाठीमागे फोमची चकती दिली म्हणजे कानाला अलगद टेकेल. टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे, रुतला तर अर्ध्या तासात कान दुखतो आणि माणूस स्पीकर काढूनच टाकतो.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, स्पीकर आत बसत नाही म्हणून हेल्मेटमधला थर्माकोल कोरू नका. मी असे दोन हेल्मेट बघितलेत, कटरने छान गोल खळगा केलेला. तो थर्माकोल धक्का खाण्यासाठी असतो, नेमका कानशिलाच्या जागी पातळ केलात तर वरचा आयएसआयचा शिक्का फक्त शोभेचा. जागा नसेल तर पातळ स्पीकर घ्या, नाहीतर हेल्मेट बदला.

वाऱ्याचं असं आहे की वेग शंभरच्या आसपास गेला की फुल फेसच्या आतसुद्धा आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि आपण त्याच्यावर गाणं ऐकू यावं म्हणून व्हॉल्यूम आणखी वाढवतो. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. मी भावोजींना लांबच्या प्रवासाला फोमचे इअरप्लग सुचवले. ते म्हणाले कानात बोळे घालून स्पीकर कसे ऐकू येणार. पण येतात, कारण प्लग वारा आणि स्पीकर दोन्ही कमी करतो, आणि वाऱ्याची गरगर खाली गेली की शब्द उलट जास्त स्वच्छ कळतात. चोर्ला घाटापर्यंत त्यांनी ते खिशातच ठेवले होते, परत येताना घातले.

ताईच्या माईकचं राहिलं. नवीन माईक काढून मी तिचा जुना परत लावला कारण तो मुळात ठीकच होता, पण त्याचं तोंड उलटं होतं. या बारीक माईकला पुढची बाजू असते, एका बाजूला ठिपका किंवा बाण, ती ओठांकडे पाहिजे. तिचा ठिपका हनुवटीच्या बारकडे होता, म्हणजे माईक वारा जास्त ऐकत होता आणि ताईला कमी. ओठांसमोर एक-दोन सेंटीमीटरवर आणला, स्पंजची टोपी विरलेली होती ती बदलली. टोपी नसलेला माईक वाऱ्यात घुरघुरतो आणि आवाजाने आपोआप उघडणारा इंटरकॉम ठेवला असेल तर वाराच तो उघडत राहतो.

पुढच्या रविवारी तिघं बेळगावला निघालो, साखळी, पर्ये, केरी, चोर्ला घाट. धुकं होतं, पाऊस भुरभुर. मी मागे होतो त्यामुळे ऐकलं नाही, पण बघितलं. एका वळणावर ताईने मान बाहेर काढून पुढे बघितलं, तिचं हेल्मेट किंचित हललं म्हणजे ती काहीतरी बोलली, आणि भावोजींची ब्रेकलाइट लगेच लागली, गाडी डाव्या कडेला आली. मग धुक्यातून मालाचा ट्रक निघाला, रस्त्याच्या मधोमध. वर चोर्ल्याला चहाला थांबलो तेव्हा दोघांपैकी कोणी त्याचा विषय काढला नाही, भावोजी नुसतं म्हणाले की मॅप्सची बाई फार बडबड करते, तिचा आवाज कमी कुठे करायचा. मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमधे व्हॉइसचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, तो दाखवला.

आता घरी त्यांनी एवढंच ठेवलंय की पावसातून आल्यावर हेल्मेट उलटं करून पंख्याखाली, गालाच्या गाद्या काढून वेगळ्या, आणि युनिटचं चार्जिंगचं भोक पूर्ण सुकल्याशिवाय चार्जर लावायचा नाही, कारण ओल्या भोकात करंट गेला की आतल्या पिना काळ्या पडतात. रबरी झाकण परत लावायचं ते ताई बघते.

ताईच्या युनिटची पिन मी अजून कापलेली नाही. मीटरवर ती आत्ता बरोबर दाखवते, वाकवली तरी रीडिंग हलत नाही, पण मानेपाशी प्लास्टिकमधून हिरवट रंग दिसायला लागलाय. काटकोनातली दुसरी पिन आणून ठेवली आहे. चवथीला ती माहेरी येईल तेव्हा करून टाकतो.